सॉफ्टबॉल : टीवर ठेवलेला बॉल पत्र्यावर, पिचरसमोर मात्र बॅट हवेत. चार नंबरच्या बॅटरचं काय करू?

कबड्डीवाले_सर (तासगाव तालुका)

नमस्कार मंडळी. एका हायस्कूलला खेळ शिकवतो. मी मूळचा कबड्डीचा. तीन वर्षांपूर्वी आधीचे सर बदलून गेले आणि जाताना सॉफ्टबॉल माझ्या गळ्यात पडला. नियमांचं पुस्तक, दोन बॅटी आणि एक फाटकं पोतं भरून ग्लोव्ह्ज. तेव्हापासून मोबाईलवर व्हिडिओ बघून आधी मी शिकतो, मग पोरींना शिकवतो.

14 वर्षांखालचा मुलींचा संघ आहे. चार नंबरला सातवीतली एक पोरगी खेळते. दणकट आहे, खो-खोत खांबापासून सुटली की कुणाला सापडत नाही. टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांडीवर) बॉल ठेवला तर असा हाणते की थेट मैदानापलीकडच्या बेदाणा शेडच्या पत्र्यावर. शेडवाले आण्णा दोनदा येऊन बोलून गेलेत. पण समोर पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आली की गणितच बिघडतं. बॉल निघून गेल्यावर बॅट येते, नाहीतर बॉल टुपकन वर उडतो. गेल्या शनिवारी मोजलं : 20 बॉल टाकले, 3 लागले, त्यातले 2 फाउल, म्हणजे रेषेबाहेर.

व्हिडिओ हळू करून बघितला. बॅट अंगापासून लांबून येते, अंगण झाडल्यासारखी. पुढचा पाय थर्ड बेसकडे, म्हणजे बॉलपासून लांब, पळतो. मी बाहेरून ओरडतो, "कोपर वर! बॉल बघ! कंबर फिरव!" जेवढं ओरडावं तेवढं बिघडतं. आता तर उभी राहताना ती आधी माझ्याकडे बघते आणि मग पिचरकडे.

दोन्ही बॅटी 34 इंची, ॲल्युमिनियमच्या. गणपती उरकले की स्पर्धा. सुरुवात कुठून करू? आणि ही क्रिकेटची सवय कशी मोडायची? सांगली जिल्ह्यातली पोर म्हटल्यावर प्रत्येकीला स्मृती मानधना व्हायचंय, गल्लीत रोज क्रिकेट.

शॉर्टस्टॉप_सातारा

सर, एकच विचारतो. "कोपर वर" म्हणता ते कुठलं कोपर? आणि पोरगी कुठलं वर करते?

कबड्डीवाले_सर

उजवं, म्हणजे मागचं. व्हिडिओत असंच शिकवतात. थांबा, परत बघतो.

अहो, ती डावं वर करते! तिच्या चुलतभावानं क्रिकेटला शिकवलंय : डावं कोपर वर, बॅट सरळ. मी वर्षभर ओरडतोय आणि ती बिचारी वर्षभर माझं ऐकतेय.

मिरजेची_कॅचर

सर, हसले, पण तुम्हाला नाही. आमच्या वेळी आमचंही असंच व्हायचं. मी बारा वर्षं कॅचर (बॅटरच्या मागं बसून बॉल पकडणारी) होते, आता सकाळी पोरींना शिकवते. कॅचर खाली बसलेली असते, त्यामुळे बॅटरचे हात तिला नंतर दिसतात, पाय आधी. म्हणून माझं सगळं पायापासून सुरू होतं.

पण त्याही आधी बॅट. 34 इंच ही नियमात बसणारी सगळ्यात लांब बॅट आहे. ती तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात दिली तर ती बॅट फिरवत नाही, बॅट तिला फिरवते. पोरीला एका हातानं बॅट खांद्याच्या रेषेत आडवी धरायला सांगा आणि 20 आकडे मोजा. त्याआधी टोक खाली यायला लागलं तर बॅट जड. या वयाला 29 ते 31 इंची बरी. नवीन बॅटीला शाळा पैसे देणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा मूठ सोडून चार बोटं वर धरायला लावा. तिथे सायकलच्या ट्यूबचं कडं चढवा, म्हणजे हात खाली घसरत नाही. बॅट कापायच्या भानगडीत मात्र पडू नका. खालचा गोळा गेला की ती हातातून सुटून कुणाच्या तरी तोंडावर जाते, आणि पंच ती खेळू देणार नाहीत ते वेगळंच.

आता पाय. थर्ड बेसकडे पाय पळतो याचं कारण क्रिकेट नाही, भीती आहे. तिला कधी बॉल लागलाय का, विचारा. मैदानात सगळ्यांसमोर नको, डबा खाताना विचारा. लागला असेल तर आठवडाभर खरा बॉल बंद. मोज्यात चिंध्या भरून गोळे करा, नाहीतर टेनिस बॉल घ्या, आणि तुम्ही स्वतः पाच-सहा पावलांवरून खालून टाका. तिच्या पुढच्या टाचेमागे पोत्याची गुंडाळी ठेवा. पाय मागं गेला की पोतं लागतं, तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही. विटा ठेवू नका, पाय मुरगळतो.

बॅट पसरते त्याला माझा उपाय जुनी साडी. दोरीवर साडी वाळत घाला. बॅटीची मूठ पोरीच्या बेंबीला, टोक साडीला, एवढंच अंतर ठेवून तिला साडीकडे तोंड करून उभं करा. आता साडीला न लागता बॅट फिरव म्हणावं. हात अंगापाशी ठेवल्याशिवाय जमतच नाही. पहिल्या दिवशी साडी दहातून नऊदा हलेल. हलू दे. भिंतीसमोर हा प्रकार करू नका, बॅट पोचे खाते आणि मनगट झिणझिणतं.

"कंबर फिरव" हे ऐकून पोरी नाचल्यासारखं करतात. तुमच्या भागातल्या पोरींनी बेदाण्याचे बॉक्स टेम्पोत चढवताना माणसं बघितली असतीलच. खालचा गडी बॉक्स वर देताना आधी पाय रोवतो, मग कंबर वळते, हात सगळ्यात शेवटी सुटतात. हातांनीच फेकायला गेला तर दहाव्या बॉक्सला खांदा धरतो. तिला एक दिवस शेडवर नेऊन नुसतं ते बघायला लावा. (आण्णांचा रागही जरा निवळेल.)

शेवटचं वेळेचं. बायकांच्या सामन्यात पिचिंगचं अंतर 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर. बॉल ताशी 60 किलोमीटरनं आला तरी पाऊण सेकंदाच्या आसपास प्लेटवर, म्हणजे बॅटरसमोर. तुमची पोरगी बॉल सुटल्यावर पाय उचलत असणार, म्हणून बॅट उशिरा. पिचरचा हात गोल फिरून डोक्यावर आला की हिनं पाय उचलायचा. बॉल कमरेपाशी सुटला की पाय टेकलेला हवा, हात अजून मागेच. पाऊल वीतभरच. टीवर ती भारी का, कळलं ना? टीवरचा बॉल वाट बघत थांबतो.

आणि ती उभी असताना एक शब्द बोलायचा नाही. जे सांगायचं ते आधी, तेही एकच.

हरिपूरचे_आजोबा

क्रिकेटला उगाच शिव्या नकोत. विजय हजारे याच सांगलीत 1915 साली जन्मले, आमच्या पिढीनं त्यांचं नाव घेत बॅट धरली. क्रिकेट खेळलेल्या पोरीची नजर तयार असते, तीच पुढं कामाला येते. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये बॉल टप्पा पडून येतो आणि बॅट वरून खाली येते. इथं बॉल टप्पा न पडता येतो आणि बॅट आडवी. तेवढं तिला नीट समजावून सांगा. पोर शहाणी असते, शिकवणाराच गडबडतो. राग मानू नका सर.

शॉर्टस्टॉप_सातारा

ताईंचं सगळं पटलं, फक्त टी बंद करू नका. टी एकाच जागी ठेवता म्हणून ती एकाच बॉलची राजा झालीय. आतला (अंगाजवळचा) बॉल असेल तर टी पुढच्या पायाच्याही थोडी पुढं, बाहेरचा (अंगापासून लांबचा) असेल तर टी मागं सरकवा. आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून दीड इंची पाईप उभा केला, वर मोटरसायकलच्या ट्यूबचा तुकडा. बॅट लागली तर ट्यूब वाकते, पाईप फुटत नाही. दुकानातली टी दोन महिन्यांत मोडली होती, ही चौथं वर्ष चालू आहे.

कबड्डीवाले_सर

पंधरा दिवस झाले, खबर द्यायची राहिली होती.

ताई, बॉल लागला होता. गेल्या वर्षी, बरगडीला. कुणाला बोललीच नव्हती, मला तर नाहीच. पहिला आठवडा मोज्यांचेच गोळे. सगळ्या पोरी हसल्या, मग सगळ्यांनाच मोजे हवे झाले.

साडी माझ्या आईची, नऊवारी, त्यामुळे दोघी एका वेळी उभ्या राहतात. ट्यूबचं कडं चढवलं आणि त्याच दिवशी बॅट वेळेवर यायला लागली, याचं मलाच नवल वाटलं. काल परत 20 बॉल टाकले : 9 लागले, 4 सरळ मैदानात. पाय मात्र अजून पळतो, आमची जोरात टाकणारी पिचर असली की हमखास. हळू टाकणारीला नाही.

एक घोळ झाला. चार नंबरचं बघून दोन नंबरवालीनंही चार बोटं वर धरली. ती उंच आहे, तिला 34 इंची व्यवस्थित पेलत होती, आता तिची बाहेरच्या बॉलला बॅटच पोचत नाही. तिला परत खाली धरायला लावलंय, तर ती रुसलीय.

ओरडायचं बंद केलंय. अवघड जातं, कबड्डीत आम्ही ओरडूनच शिकलो. शिट्टी तोंडात धरून ठेवतो, म्हणजे बोलता येत नाही.

परवा पालकसभेत तिच्या आईनं विचारलं, हा खेळ ऑलिंपिकमध्ये असतो का. 1996 ते 2008 होता, मग टोकियोत आला, पॅरिसला नव्हता, 2028 ला लॉस एंजेलिसला परत आहे, असं सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग भाकरी जरा जास्त घालते डब्यात."

आता अडचण बॉलची. बेदाणे बघायला शेडवर गेलो तेव्हा आण्णांनी चहा पाजला, पण पत्र्यावरचे तीन बॉल काही दिले नाहीत. सांगली-मिरजेत कुणाकडे जुने 12 इंची बॉल पडून असतील तर कळवा, शिवण उसवलेली असली तरी चालेल. रविवारी येऊन घेऊन जाईन.