विहिरीच्या पाण्याला औषधी वास येतोय, फिल्टर कोणता घ्यावा? (बजेट ८ हजार)

खाडीपट्टा_रत्नागिरी: नमस्कार मंडळी. गावी आई-बाबा दोघंच असतात. खाडीपासून थोडं वर घर, आजोबांनी खणलेली जांभ्या दगडातली विहीर. वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) केमिकलचे कारखाने आलेत. गेल्या पावसाळ्यापासून पाण्याला औषधी वास मारतो, चहात तर जास्तच. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर घालून बघितला, १२० दाखवतो. आरओ (अतिबारीक जाळीतून पाणी गाळणारा) घेऊ की यूव्ही (अतिनील दिव्याचा)? गणपतीला वहिनी तान्ह्या बाळाला घेऊन येणार आहे, बाळ वरच्या दुधावर आहे. बजेट ८ हजार, वर एक रुपया नाही. गावाचं आणि कारखान्याचं नाव विचारू नका.

चाकरमानी_ठाणे: आमच्याकडे १८ हजारांचा आहे. आरओ, यूव्ही, यूएफ, अल्कलाइन, वर तांब्याची कांडी. पाणी एकदम बिसलेरी. एएमसी (देखभालीचे पैसे) तेवढी दरवर्षी भरायची. पैशाकडे बघू नका हो, आईवडील एकदाच मिळतात.

लाल_माती: १२० टीडीएसला आरओ कशाला? ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित लवादानेच २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. एक लिटर प्यायला मिळवायचं आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसला की कळेल. साधा यूव्ही घ्या, बजेटमध्ये बसतो.

गुहागरची_सून: यूव्हीला माझंही मत. आमचा मस्त चाललाय. फक्त लाईट गेली की बंद, आणि आमच्याकडे पावसात लाईट असते कुठे! सर्व्हिसवाला फोन उचलत नाही तो वेगळाच. कंपनीचं नाव लिहीत नाही, ॲडमिन पोस्ट उडवतात.

तात्या_देवगड: माका ह्या फिल्टरांचा खूळ कळणा नाय. आमचो आजो बावडेचा पाणी पिऊन ९२ वर्षां जगलो. तुरटी फिरव, उकळ, तांब्याच्या कळशेत भरून ठेव. झाला.

सॅम्पल_बाटली: तात्या, आजोबांच्या वेळी सड्यावर कारखाने नव्हते. तुरटीने गढूळपणा बसतो, उकळून जंतू मरतात. नायट्रेट, शिसं, क्रोमियम उकळून कुठेही जात नाहीत. पाणी आटतं तसं उलट त्यांचं प्रमाण वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याच्या वर गेलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवलं, तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. त्यामुळे हा विषय गणपतीवर ढकलू नका.

यूव्हीवाल्यांनो, तो नुसता दिवा आहे. जंतू मारतो, रसायन जसंच्या तसं पेल्यात येतं.

आणि लाल_माती, टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून क्षारांचा अंदाज देतो. सॉल्व्हंट (कारखान्यात वापरतात ती द्रावकं), कीटकनाशक त्याला दिसतच नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) फिनॉलची (औषधी वासाचं रसायन) मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१. मर्यादेच्या दहापट शिसं असलं तरी तुमचा १२० चा आकडा हलणार नाही. जांभा तर चाळण असतो, सड्यावर सांडलेलं पहिल्या पावसात विहिरीत उतरतं.

आधी तपासणी. ग्रामपंचायतीच्या किटवर नायट्रेट, क्लोराइड, लोह वगैरे कळेल, धातू आणि फिनॉलसाठी लॅबच लागेल. बाटल्या लॅबकडूनच मागून घ्या: धातूंना ॲसिडचे थेंब टाकलेली प्लॅस्टिकची, वासाच्या रसायनांना काचेची. काचेची गळ्यापर्यंत भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. मशिन घ्यायचंच ठरलं तर कार्बन (कोळशाचा फिल्टर) आणि आरओ दोन्ही लागतील. बारीक रेणूंची सॉल्व्हंट आरओच्या जाळीतूनही थोडी निसटतात, ती कार्बन धरतो. पण कार्बन भरला की बदलावा लागतो, तो खर्च धरून चला.

चाकरमानी_ठाणे: म्हणजे माझा १८ हजारांचाच बरोबर होता ना.

चिंबोरी_प्रेमी: पाण्याचं सोडा, खाडीतली कालवं-मुळे (शिंपल्यातले जीव) खाताय का ते सांगा. मासे तडफडत वर आले की आमच्याकडे लोक टोपल्या घेऊन धावतात! आमचे भोई म्हणतात, आता जाळ्यात बोय येते तीपण वास मारते.

लाल_माती: मासे वर येतात ते पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून. सांडपाण्यातली घाण कुजताना तो खाऊन टाकते. आयुष्यभर खाडीचे मासे खातोय, काही झालं नाही.

सॅम्पल_बाटली: जपानात मिनामाटालाही लोक खाडीचेच मासे खात होते. १९५६ मध्ये पाऱ्याने होणारा आजार उघडकीला आला. पारा चिखलात जातो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते छोट्या माशातून मोठ्यात साठत जातं. कालवं-मुळे तर पाणी गाळूनच जगतात, धातू त्यांच्या अंगात राहतात. कितीही तिखट रस्सा करा, धातू शिजून जात नाही. मेलेले मासे दिसले तर आधी फोटो काढा, वेळ टिपून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

गुहागरची_सून: ताई, पाणी उकळून प्या, तोवर यूव्ही बघा.

खाडीपट्टा_रत्नागिरी: सगळ्यांचे आभार. मशिनला बाबांनी साफ नकार दिला, विहीर दुसऱ्याच्या पापासाठी का धुवायची म्हणतात. विहिरीचा नमुना लॅबला दिलाय, पण रिपोर्ट काहीही आला तरी ते पाणी आता फक्त भांड्या-कपड्यांना. देवळामागचा डोंगर कारखान्यांच्या पलीकडच्या अंगाला आहे, तिथे झरा बारमाही वाहतो. वाडीतल्या दोघांशी बोललेय, काळा पाईप टाकून उतारानेच पाणी घरी आणतोय. पाईप आणि टाकी मिळून ८ हजारांत बसतंय.

चाकरमानी_ठाणे: फिल्टरच्या धाग्यावर पाईप?

सॅम्पल_बाटली: कल्पना वाईट नाही. झऱ्याचाही नमुना द्या, तिथे गुरं बसत असतील तर जंतूंचा प्रश्न आहे. बाळाचं पाणी मात्र उकळूनच.

तात्या_देवगड: पायप जमनीत गाड गो. वर ठेवलंस तर वांदर चावतले.