मदत हवी आहे: ५२एम वायर, पहिल्याच थरात क्रॅक

टिगवाला३०
तातडीचं आहे म्हणून थेट विचारतो. निकेलच्या वेल्डिंग वायरींपैकी ८२ वरून ५२एम वायरवर आलो आणि पीटीत (रंग सोडून भेगा शोधायच्या तपासणीत) क्रॅक दिसायला लागलेत. करंट कमी केला, वाढवला, अर्गन वाढवला. फरक शून्य. पडल (वितळलेल्या धातूचं डबकं) इतका जड की पुढे सरकायलाच तयार नाही, वर दुधावरच्या सायीसारखा ऑक्साइड तरंगतो. तीन दिवसांत दुसरा मॉक-अप (नमुना जोड) द्यायचाय. ही वायर कोणी चालवली असेल तर सेटिंग सांगा. वायरची बॅचच खराब असेल का?

ठिणगी
कशाला काय जोडताय? कितवा पास (वेल्डचा फेरा)? क्रॅक बीडच्या (वेल्डच्या पट्टीच्या) लांबीत की आडवा? डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणण्यासारखं झालं हे.

टिगवाला३०
अणुभट्टीचं पोलादी नॉझल, म्हणजे पाइप लागतो ते तोंड, आणि सेफ एंड, म्हणजे त्याला जोडायचा स्टेनलेसचा तुकडा. नेहमीचाच जोड. सेटिंग विचारलंय फक्त.

ठिणगी
तुमच्यासाठी नेहमीचा. असो. माझ्या मते हा डक्टिलिटी डिप क्रॅक. ३० टक्के क्रोमियमच्या वायरीचं जुनं दुखणं आहे. वरचा पास खालच्या पासला पुन्हा तापवतो, त्या तापमानपट्ट्यात धातूचा लवचिकपणा कमी होतो आणि कणांच्या सीमा उघडतात. हीट इनपुट कमी ठेवा, बारीक स्ट्रिंगर (सरळ, अरुंद बीड) मारा.

लोहारकाका
निकेलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फुटक्या बॉड्या निकेल रॉडने जोडत आलोय. गुपित एकच. आधी नीट तापवा, इंचभर मारा, लगेच हातोडीने हलकं ठोका, मग चुन्यात पुरून रात्रभर गार होऊ द्या. क्रॅक येणारच नाही.

ठिणगी
काका, ते ओतीव लोखंड. तिथं कार्बनचा त्रास, म्हणून तापवणं. इथं उलट, दोन पासांमधलं तापमान १७७ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. शिवाय अणुभट्टीचा जोड चुन्यात पुरणार कसा?

लोहारकाका
ताण तो ताणच. धातूला काय कळतं तो अणुभट्टीत आहे की पिठाच्या गिरणीत.

जुनी_वायर
सरळ ८२ वर परत जा. पडल पाण्यासारखा वाहतो, क्रॅक नाही, कटकट नाही. कागदावर चांगल्या दिसणाऱ्या वायरी वेल्डरच्या माथी मारायची फॅशन झालीये.

धातूमास्तर
फॅशन नाही हो. ८२ मध्ये क्रोमियम १८ ते २२ टक्के, तिच्या जोडीच्या १८२ रॉडमध्ये तर १३ ते १७ च. अणुभट्टीच्या प्राथमिक पाण्यात (गाभ्यातून फिरणाऱ्या पाण्यात), ३०० अंशांच्या वर, वेल्डमधल्या ताणासकट वर्षानुवर्षं राहिल्यावर हे धातू आतून हळूहळू तडकतात. २००० साली अमेरिकेतल्या व्ही. सी. समर केंद्रात हॉट लेगच्या (अणुभट्टीतून गरम पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) नॉझलचा ८२/१८२ चा वेल्ड आरपार तडकला होता. सापडला कसा, तर बाहेर साठलेल्या बोरिक अ‍ॅसिडच्या पांढऱ्या थरावरून. ५२ च्या घराण्यात क्रोमियम २८ ते ३१.५ टक्के आहे ते एवढ्यासाठी. वेल्डरला जड, पाण्याला भारी.

सहज_डोकावलो
अडाणी प्रश्न. एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला स्टेनलेस, मग मध्ये महागडं निकेल कशाला? स्टेनलेसच्याच वायरने का नाही जोडत?

धातूमास्तर
अडाणी अजिबात नाही. तापल्यावर स्टेनलेस पोलादापेक्षा बरंच जास्त फुगतं. निकेल मिश्रधातू पोलादाच्या जवळपास फुगतो. त्यामुळे पोलाद आणि वेल्ड यांच्या सीमेवर, म्हणजे सगळ्यात नाजूक जागी, ओढाताण कमी होते. पोलादातला कार्बनही निकेलमध्ये सहज सरकत नाही.

सहज_डोकावलो
धन्यवाद. आणखी एक, लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये (टिगच्या इलेक्ट्रोडमध्ये) थोरियम असतं म्हणे. मग ते पण किरणोत्सारीच ना?

जुनी_वायर
असतं, २ टक्के. इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही.

पीटीवाली
'काही झालं नाही' हे मोजमाप नव्हे. आर्क मारताना फारसं काही नाही, टोक घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते ती वाईट. निळ्या टोकाचं लॅन्थनमवालं घ्या, आर्क तितकाच चांगला लागतो.

जुनी_वायर
तितकाच नाही लागत.

टिगवाला३०
टंगस्टनचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. घ्या, सगळी माहिती देतो. ऑटोमॅटिक टिग. नॉझल लो अलॉय पोलादाचं, त्याच्या तोंडावर ५२एमचं बटरिंग (जोडाआधी चढवलेला थर) करून तापवायच्या भट्टीत ताणमुक्ती झालेली. सेफ एंड ३१६ स्टेनलेसचा. क्रॅक फक्त ३१६ च्या बाजूला, पहिल्या थरात, बीडच्या मधोमध लांबीत. बटरिंगच्या बाजूला एकही नाही. फोटो टाकलाय.

पीटीवाली
फोटोतली रेघ क्रेटरपासून (बीड संपतं तिथल्या खळग्यापासून) सुरू होतेय, पांढऱ्या डेव्हलपरवर लाल केस चिकटल्यासारखी. घासल्यावर रुंद झाली की गेली?

टिगवाला३०
अर्धा मिलिमीटर घासलं तरी तिथंच. आणखी घासल्यावर गेली.

धातूमास्तर
ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये असती तर हातोडीपर्यंत गेलोच नसतो. ठिणगी, हा डक्टिलिटी डिप नव्हे. तो घन धातूत येतो, आणि तो पुष्कळ पास झालेल्या जाड वेल्डमध्ये शोधायचा. पहिल्या थरात, मधोमध, एकाच बाजूला म्हणजे गोठतानाचा गरम क्रॅक. ३१६ चं टेस्ट सर्टिफिकेट काढा. गंधक किती?

टिगवाला३०
०.०२६. कमाल ०.०३० आहे, म्हणजे पास.

धातूमास्तर
पास ३१६ साठी, ५२एमसाठी नाही. ३१६ वितळून बीडमध्ये मिसळतं, त्यातलं गंधक निकेलमध्ये विरघळत नाही, शेवटी गोठणाऱ्या पातळ थरात साचतं. बीड आकसलं की तो थर फाटतो. ८२ मध्ये मॅंगनीज २.५ ते ३.५ टक्के, ते गंधकाला धरून ठेवतं. ५२एममध्ये ते १ टक्क्याच्या आत. म्हणून हेच ३१६ जुन्या वायरला चाललं आणि नवीला चालेना. वायर निर्दोष आहे.

उपाय म्हणजे ३१६ च्या तोंडावर आधी ३०८एलचा (स्टेनलेसच्या वायरचा) थर द्या. त्यात थोडा फेराइट (लोखंडाची एक स्फटिकरचना) असतो, तो गंधक-फॉस्फरस पोटात घेतो. मग ५२एम. पण ३०८एल निकेलवर चढू देऊ नका, निकेल मिसळलं की फेराइट संपतो आणि तोच थर तडकतो. आणि हे आधी भंगार तुकड्यावर.

ठिणगी
मान्य. पण क्रॅकबद्दल चुकलो म्हणून स्ट्रिंगरबद्दल चुकलो असं नाही. पडल जड आहे तर बेव्हल (जोडाची तिरकी कड) जरा उघडा ठेवा, नाहीतर कडेला फ्यूजन राहून जाईल. आणि प्रत्येक पासनंतर ती साय घासून काढा, चमक येईपर्यंत. तशीच ठेवली तर पुढच्या पासमध्ये गाडली जाते.

पीटीवाली
आणि क्रेयॉनच्या खुणा बेव्हलपासून लांब. तेलकट हातमोजे नकोत. निकेलला गंधक बाहेरूनही पुरतं.

टिगवाला३०
अपडेट. पहिल्यांदा घाईत जोड बसवल्यावर खोबणीतच ३०८एल मारलं. रूटजवळचं (खोबणीच्या तळाजवळचं) शेवटचं बीड बटरिंगला टेकलं आणि नेमकं तिथंच तडकलं. मास्तर, सांगितलं होतंत, कळलं नव्हतं. मग सेफ एंड सुटा ठेवून थर दिला, मशीनिंग केलं, थर शिल्लक आहे ना ते मोजलं, नंतर जोडला. पहिले तीन थर पीटीत स्वच्छ. पडल अजून तसाच जड.

फक्त इन्स्पेक्टर म्हणतात थर वाढला म्हणजे डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची ठरलेली लेखी पद्धत) बदलला, पुन्हा क्वालिफिकेशन, बेंड टेस्ट वगैरे. तारीख पुढे गेली.

पीटीवाली
बरोबर म्हणतात.

लोहारकाका
अभिनंदन. ती ५२एम थोडी उरली असेल तर एक पंपाची बिडाची बॉडी पडून आहे माझ्याकडे.

टिगवाला३०
काका, वायर मोजून मिळते आणि मोजून परत द्यावी लागते. कापलेले तुकडेसुद्धा.