झाकण जुनं असेल, पण रोलर कुठे बसवलाय ते पाहा

‘बिजागरीचं झाकण तर जुन्या प्रिंटरलाही होतं, मग थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरच्या झाकणाला पेटंट कसलं?’ हा प्रश्न रास्त आहे. पण पेटंट अर्ज तपासणारा परीक्षक झाकणाकडे सुटं पाहत नाही, दाव्यातलं (म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितलाय त्या वर्णनातलं) एकेक वैशिष्ट्य जुन्या दस्तऐवजांशी ताडून बघतो. सगळी एकाच दस्तऐवजात सापडली तर नावीन्य संपलं. दोन दस्तऐवज जोडावे लागले, तर ती जोडणी त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचली असती का, यावर खरा वाद होतो.

इथे रचना समजून घ्यायला हवी. रबरी रोलर कागदाला तापणाऱ्या हेडवर दाबतो, आणि अनेक प्रिंटरमध्ये हा रोलर झाकणातच असतो. झाकणाची खिट्टी एकाच बाजूला नीट अडकली, तर रोलर तिरका बसतो आणि छपाई एका कडेला फिकी पडते. ही अडचण आणि तिच्यावरचा उपाय मूळ अर्जातच सविस्तर लिहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षकाचा आक्षेप आल्यावर दावे आवळता येतात, पण मूळ अर्जात नसलेली नवी माहिती घुसवता येत नाही.

फक्त बाह्य रूप जपायचं असेल, तर डिझाइन नोंदणीची वाट वेगळी.