मदत हवी आहे : रिपोर्ट नॉर्मल, तरी फिट येते. नेमकं लक्ष कशावर ठेवू?

अर्धाकप
नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही असल्या विषयावर. वय २२, घर साताऱ्याजवळ, सध्या पुण्यात सीएची आर्टिकलशिप चालू आहे. गेल्या वर्षभरात तीनदा फिट आली. तिन्ही वेळा पूर्ण शुद्ध हरपली, हातपाय ताठ होऊन झटके, जीभ चावली गेली आणि नंतर दिवसभर अंग मोडून आल्यासारखं.

पहिली एप्रिलमध्ये, बँक ऑडिटच्या धामधुमीत, सकाळी सातच्या सुमारास होस्टेलवर. दात घासायला उठले होते एवढंच आठवतं. रूममेटने घाबरून तोंडात चमचा घातला, त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. दुसरी घरी, नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या वेळी. आत्या म्हणते दृष्ट लागली, आजोबा म्हणतात कढत पाणी डोक्यावर घेतलं म्हणून. त्यानंतर एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) झाले, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांत कारण सापडत नाही, आणि लेव्हेटिरॅसेटम ही फिटची गोळी सुरू केली. तिसरी फेब्रुवारीत, मैत्रिणीच्या लग्नाला रात्रीच्या बसने लातूरला गेले तेव्हा. खिडकीतून समोरच्या गाड्यांचे दिवे सारखे डोळ्यांवर येत होते. सकाळी मांडवात चहा घेता घेता पडले.

तेव्हापासून डायरी ठेवतेय. काय खाल्लं, मोबाईल किती वेळ, पाळीचा कितवा दिवस, एवढंच काय तिथीसुद्धा (हसू नका, आत्याचा आग्रह). काहीच जुळत नाही. चहा, वांगं, सिनेमा, सगळं बंद करून बसलेय आणि धास्ती आहे तशीच. तुमच्यापैकी कुणी अशी डायरी ठेवली आहे का? काय लिहायचं असतं त्यात?

घाटमाथा
कुलदैवताचं काही राहिलंय का बघा. आमच्या गावात एकीला असंच व्हायचं.

खडीसाखर
घाटमाथा, दर्शनाला खुशाल जाऊ दे तिला, पण गोळी घेऊन.

अर्धाकप, मी नर्स आहे, तेवीस वर्षं झाली. आधी त्या चमच्याचं बोलू. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. ना चमचा, ना बोट, ना पाणी. जीभ गिळली जात नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. आजूबाजूचं टोचणारं-लागणारं दूर सारायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, झटके कमी झाले की कुशीवर वळवायचं आणि मुख्य म्हणजे घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेलं, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा सुरू झालं, तर १०८ ला फोन. हे रूममेटला आजच सांग. बाथरूमची आतली कडी लावू नकोस. गाडी चालवत असशील तर चावी दुसऱ्याकडे दे.

नगरी_मिसळ
गरम पाण्याचं आजोबांनी अगदीच हवेतून काढलेलं नाही. डोक्यावर गरम पाणी ओतताना फिट येण्याचा प्रकार खरोखर आहे आणि कर्नाटकात त्याचे रुग्ण पुष्कळ आढळले आहेत. पण त्यात पाणी डोक्यावर पडत असतानाच, नाहीतर लगेच नंतर फिट येते. तुम्ही पडलात तेव्हा पहिला तांब्या झाला होता का?

अर्धाकप
आत्ता आईला फोन करून विचारलं. नाही! मी पाटावर बसले होते, ती पाठीला तेल चोळत होती. पाणी अजून बंबातच होतं. आजोबांना सांगायला हवं.

नगरी_मिसळ
मग पाणी सुटलं. दिव्यांचंही थोडं सांगतो. लखलखत्या उजेडाने फिट येणारे शंभर रुग्णांत तीनेकच असतात, आणि ईईजी काढताना डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवून ते बघतात. तुमच्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल काही लिहिलंय का ते वाचा. शिवाय दिवे रात्री होते आणि तुम्ही पडलात सकाळी.

रातपाळी
अर्धाकपताई, मला सोळाव्या वर्षापासून आहे, आता पस्तिशी आली. तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू पडलीस त्या घटकेला काय चाललं होतं ते सगळं लिहिलंयस, आदल्या रात्रीबद्दल अक्षर नाही. ऑडिटच्या दिवसांत किती वाजता झोपायचीस? चतुर्दशीच्या आदल्या रात्री? आणि बसमध्ये डोळा लागला होता का? गोळीचं पण खरं सांग.

अर्धाकप
ऑडिटला दोन-अडीच वाजायचे. दिवाळीत आम्ही बहिणी करंज्या करत एकपर्यंत जाग्या आणि आईने चारला उठवलं. बसमध्ये झोप नाहीच. गोळ्यांची बॅग खाली डिकीत राहिली, त्यामुळे रात्रीची गोळी चुकली. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. ओरडतील म्हणून.

रातपाळी
सांग. नाहीतर गोळी लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवतील.

आता एक विचित्र प्रश्न. सकाळी उठल्या उठल्या हातातून वस्तू पडतात का? ब्रश उडणं, चहा सांडणं, खांद्याला एकदम झटका बसल्यासारखं, पण शुद्ध पूर्ण असते?

अर्धाकप
अकरावी-बारावीपासून!! घरी मला धांदरट म्हणतात. याचा काही संबंध आहे का?

रातपाळी
तुझं निदान मी करत नाही, माझं सांगते. माझी चार वर्षं यातच गेली, कारण हे कुणी विचारलं नाही आणि आपणहून सांगावं असं मला वाटलं नाही. बशा फोडण्याबद्दल कोण डॉक्टरांकडे जातं? मला जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी निघाली, म्हणजे अपस्माराचा (फिटच्या आजाराचा) असे सकाळी हात उडण्याचा प्रकार. त्यात एमआरआय साधारणपणे नॉर्मलच असतो. साधा ईईजीही नॉर्मल येऊ शकतो, माझा आला होता. मग रात्रभर जागवून सकाळी काढला, त्यात दिसलं. सुरुवातीला कार्बामाझेपिन ही फिटचीच दुसरी गोळी होती, तिने झटके उलट वाढले होते. अपुरी झोप आणि उठल्यानंतरचा पहिला तास, माझं सगळं तिथेच व्हायचं.

पण झोप हे निमित्त आहे, मूळ नाही. नऊ तास झोपतेय म्हणून गोळी सोडायचा विचार मनात आणू नकोस. मी आणला होता. हनुवटीखाली पाच टाके आहेत.

डायरीत चारच गोष्टी लिही: किती वाजता झोपलीस, किती वाजता उठलीस, गोळी घेतली का, सकाळी हात उडाला का. पाळीची तारीख असू दे, काहींना त्या दिवसांत जास्त येतात. वांगं खा बाई.

खडीसाखर
आणि ते हात उडणं कुणाला तरी मोबाईलवर टिपायला सांग. डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

अर्धाकप
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: हे लग्नात आडवं येईल का, कायद्याने लग्न मोडतं म्हणतात.

नगरी_मिसळ
काकूंना सांगा, हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची ती अट १९९९ मध्येच काढून टाकली. लपवून मात्र लग्न करू नका. आणि पुण्यातच आहात तर संवेदना हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट आहे, काकूंनाही घेऊन जा.

रातपाळी
लग्नाआधी गोळी कुठली आणि मूल हवं तेव्हा काय, हे डॉक्टरांशी बोल. व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी गर्भाला धोक्याची असते, कुणी बदलून ती दिली तर हा प्रश्न नक्की विचार.

अर्धाकप
न्यूरॉलॉजिस्टची गुरुवारची वेळ मिळाली. डिकीतली गोळी पहिल्यांदा सांगणार आहे. आज सकाळी दूध ओतताना हात उडाला आणि रूममेटने नेमका तोच व्हिडिओ काढला. पुढची अर्धी मिनिटं मी ओटा पुसतेय आणि ती मागून ‘कुशीवर, कुशीवर’ असं पाठ करतेय.