ब्राउजरमधून गाणी सेव्ह कशी करायची? बाबांच्या पेनड्राइव्हसाठी

गावाकडची_सून:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना जुनी नाट्यपदं लागतात, बालगंधर्व वगैरे, आणि आमच्या गावी रेंजची बोंब, त्यामुळे पेनड्राइव्ह भरून त्यांच्या छोट्या स्पीकरला लावून द्यायचा विचार आहे. लॅपटॉपवर क्रोममध्ये गाणं लावलं, राइट क्लिक करून सेव्ह केलं तर नुसतं पान सेव्ह होतं, गाणं नाहीच. मग कुठलंतरी एक्स्टेन्शन टाकलं तर गाणं राहिलं बाजूला, सर्चचं पानच बदललं आणि जाहिराती सुरू झाल्या. काय करू?

सुईधागा:
आधी ते एक्स्टेन्शन काढा!! 'सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली असणार आणि आपण वाचतो कुठे, दाबतो ओके. काढल्यावर सर्च इंजिनचं सेटिंगही हाताने बदला, ते आपोआप जाग्यावर येईलच असं नाही.

आता मुद्दा. साइट कुठली त्यावर सगळं आहे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं कुलूपबंद येतं, ते ब्राउजरमधून निघत नाही आणि प्रीमियम घेऊन डाउनलोड केलं तरी त्यांच्याच ॲपमध्ये वाजतं, पेनड्राइव्हवर नाही. बँडकॅम्पवर विकत घेतलं की एमपीथ्री किंवा फ्लॅक (आवाज न घटवता साठवलेली मोठी फाइल) रीतसर मिळते. साउंडक्लाउडवर टाकणाऱ्याने चालू ठेवलं असेल तरच डाउनलोडचं बटण दिसतं.

तुम्हाला हवंय ते इंटरनेट अर्काइव्हवर शोधा. उजवीकडे 'डाउनलोड ऑप्शन्स' असतं, त्यात एमपीथ्रीवर राइट क्लिक करून लिंक सेव्ह करा. साधं क्लिक केलं तर तिथेच वाजायला लागतं, बरेच जण तिथेच फसतात.

एफबारा:
एखाद्या साइटवर साधा प्लेयर असेल आणि बटण नसेल तर एफ१२ दाबा, नेटवर्क मध्ये जा, मीडिया निवडा, मग गाणं लावा. एमपीथ्रीची ओळ दिसली की नव्या टॅबमध्ये उघडून कंट्रोल एस. पण छोटे छोटे तुकडे येताना दिसले तर नाद सोडा, गाणं तुकड्यांत पाठवतात तिथे हा उपाय चालत नाही.

बेसूर_बापू:
मी ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरतो. विंडोजवर होस्टमध्ये वासापी निवडायचं, रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये ज्याच्यापुढे लूपबॅक लिहिलंय ते. जे वाजेल ते रेकॉर्ड होतं. तीन मिनिटांचं गाणं तीनच मिनिटं घेणार, घाई करून उपयोग नाही, आणि नोटिफिकेशन बंद ठेवा, माझ्या एका भैरवीत ऐन समेवर मेसेजची टिंग आहे 😅 आणि १२८ केबीपीएसचं (सेकंदाला किती डेटा ते माप) गाणं ३२० करून सेव्ह केलं म्हणून आवाज सुधारत नाही, फाइल तेवढी फुगते.

कायदेपंडित_नाही:
हे चोरीचं होत नाही का, कोणी विचारण्याआधी सांगतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. म्हणजे १९३० च्या दशकातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. पदांचं म्हणाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले. कालपरवाचं सिनेमाचं गाणं मात्र यात बसत नाही, आणि यूट्यूबच्या अटींत तर परवानगीशिवाय डाउनलोडला सरळ नाही म्हटलंय.

गावाकडची_सून:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना 🙏 एक्स्टेन्शन काढलं, अर्काइव्हवरून बावीस पदं उतरवली. आधी मोठं म्हणजे चांगलं म्हणून फ्लॅक घेतली तर स्पीकर ढिम्म, मग परत एमपीथ्री. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करावा लागला. आता बाबांची तक्रार एवढीच की मधली खरखर नीट आहे पण पदं नाटकाच्या क्रमाने लागत नाहीत.

सुईधागा:
फाइलच्या नावाआधी ०१, ०२ घाला. तरी ऐकलं नाही तर त्याच क्रमाने एकेक करून पुन्हा कॉपी करा, स्वस्तातले बरेच स्पीकर कॉपी केल्याच्या क्रमानेच वाजवतात.