मदत हवी आहे: चारच ब्रेकपॉइंट लावले तरी जीडीबी म्हणतो जागा नाही!!

नवशिक्या२४
ब्रेकपॉइंट, म्हणजे चालता प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या खुणा, जीडीबी या डीबगरमध्ये (चुका शोधायचं साधन) नेमके कसे वागतात ते बघायला छोटा प्रोग्राम लिहिलाय. कितव्या फेरीला थांबतो, अट घातली तर काय, इग्नोर (पहिल्या काही वेळा थांबू नको) दिलं तरी मोजणी पुढे सरकते का, एवढंच. काल मस्त चाललं होतं, १२ लावले, बाराही जागी थांबला. आज तोच प्रोग्राम, फक्त ४ ब्रेकपॉइंट, आणि कंटिन्यू म्हटलं की हार्डवेअर ब्रेकपॉइंट घालता येत नाही म्हणून रडतो. ब्रेक म्हणून ब्रेकपॉइंट लावताना मात्र गुपचूप हो म्हणतो. उद्या सकाळी ज्युनिअर पोरांना दाखवायचंय, लवकर सांगा. जीडीबी पुन्हा इन्स्टॉल करून झालंय, ते सांगू नका.

जुनं खोड
ब्रेकपॉइंटच्या नादी लागूच नये. चार ठिकाणी प्रिंटएफ (मजकूर छापायची ओळ) टाका, काय ते दिसेल. आम्ही आयुष्यभर तेच केलं.

घाटातला कोडर
व्हीएस कोड एडिटरमध्ये ओळ क्रमांकाच्या डावीकडे क्लिक करा, लाल ठिपका येतो. तो करडा दिसला तर लागलेला नाही समजायचं.

सोल्डरताई
हार्डवेअर ब्रेकपॉइंट म्हणतोय म्हणजे लॅपटॉपवर नाही चालवत आहात. बोर्ड कोणता? त्याला लॅपटॉपशी जोडणारा प्रोब कोणता? कंपायलरला फ्लॅग (सूचना) काय दिलेत?

नवशिक्या२४
बोर्डावरच, अर्थात. ब्लू पिल हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, प्रोब एसटी-लिंक, जीडीबीला प्रोबशी जोडायला ओपनओसीडी. काल लॅपटॉपवर होता, पण कोड तोच आहे हो, त्याने काय फरक पडतो?

सोल्डरताई
सगळा फरक तिथेच आहे! लॅपटॉपवर प्रोग्राम रॅममध्ये असतो. जीडीबी त्या जागेचा पहिला बाइट उचलून ठेवतो आणि तिथे सीसी (थांब असा हुकूम) हा बाइट चिकटवतो. प्रोसेसर तिथे आला की अडतो. असे शेकडो लावा. ब्लू पिलवर कोड फ्लॅश मेमरीमध्ये असतो, तिथे असा येता-जाता बाइट बदलता येत नाही. मग चिपमधले कम्पॅरेटर (कोडचा पत्ता ताडून बघणारी सर्किटं) वापरावे लागतात, तेच हार्डवेअर ब्रेकपॉइंट, आणि ब्लू पिलच्या कॉर्टेक्स-एम३ कोरमध्ये ते ६ असतात. शिवाय जीडीबी ब्रेकपॉइंट खरे घालतो ते कंटिन्यूच्या वेळी, म्हणून आधी गुपचूप हो म्हणतो.

तिरपागडा
चिप नकली असणार. ब्लू पिलवर नकली चिपांचा सुळसुळाट आहे. बोर्ड फेका, दुसरा घ्या.

नवशिक्या२४
ओपनओसीडी सुरू होतानाच ६ ब्रेकपॉइंट, ४ वॉचपॉइंट (व्हेरिएबलवर नजर ठेवणारे) असं दाखवतो. आणि ताई, मी ४ च लावलेत. ४ हे ६ पेक्षा कमीच असतात ना?

जुनं खोड
प्रिंटएफला असली मोजदाद लागत नाही.

सोल्डरताई
काका, १,१५,२०० बॉड वेगाने एक अक्षर जायला ८७ मायक्रोसेकंद लागतात. इंटरप्टमध्ये (मधेच धावणाऱ्या तातडीच्या कोडमध्ये) वीस अक्षरं छापलीत की ज्या वेळेचा घोळ शोधायचा ती वेळच बदलली.

जुनं खोड
आणि तुमच्या ब्रेकपॉइंटने अख्खा कोर थांबतो तेव्हा? वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड रिसेट करणारा टायमर) काय तुमची वाट बघत बसतो? बोर्ड रिसेट. मोटर चालू असेल तर बघायलाच नको.

सोल्डरताई
डीबगच्या वेळी वॉचडॉग गोठवायचा बिट असतो चिपमध्ये. मोटरचं मान्य. नवशिक्या, इन्फो ब्रेकपॉइंट्सचं आउटपुट (लावलेल्यांची यादी) टाका बघू. आणि फ्लॅग अजून सांगितले नाहीत.

चहाटळ
ब्रेकपॉइंटला मराठीत काय म्हणावं? विरामबिंदू फार पुस्तकी वाटतं. सरळ थांबा म्हणावं, एसटीसारखं.

नवशिक्या२४
मेकफाइल (कंपाइलच्या सूचनांची फाइल) बोर्डाच्या जुन्या प्रोजेक्टमधून उचलली, त्यात ओ२ (कोड वेगवान करायचा फ्लॅग) आहे. आउटपुटमध्ये १, २, ३ नीट आहेत. ४ समोर पत्त्याऐवजी मल्टिपल लिहिलंय, खाली ४.१ ते ४.४ अशा ओळी. हे काय लचांड आहे?

सोल्डरताई
हेच. चौथा कुठल्या तरी चिमुकल्या फंक्शनवर लावलाय ना, चार ठिकाणांहून बोलावलेल्या? ओ२ ने ते चारही जागी इनलाइन केलं (कॉलऐवजी त्याचा कोडच तिथे ओतला). म्हणजे ब्रेकपॉइंट एक, जागा चार, आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र कम्पॅरेटर. ३ आणि ४, झाले ७. त्या फंक्शनला नोइनलाइन लावा, नाहीतर डिसेबल ४.४ म्हणा.

तिरपागडा
ओ२ ऐवजी ओजी (डीबगसाठीचा फ्लॅग) वापरा की सरळ.

सोल्डरताई
तेही चालेल. पण मग पोरांना ही गंमत दाखवता येणार नाही.

नवशिक्या२४
नोइनलाइन लावलं, चारही लागले!! हे आधीच सांगायचं ना. बरं, हौसेने पूर्ण ६ लावले, तर फंक्शन कॉलवर नेक्स्ट (पुढच्या ओळीवर जा) दिल्यावर परत तीच एरर.

सोल्डरताई
मी फ्लॅग दोनदा विचारले होते. कॉल ओलांडून परत आल्यावर थांबायला नेक्स्टला स्वतःसाठी एक तात्पुरता ब्रेकपॉइंट लागतो. पाचच लावा.

नवशिक्या२४
हो ताई, चुकलं. शेवटचं एकच. १०,००० फेऱ्यांच्या लूपमध्ये ९,९९९ व्या फेरीला थांब अशी अट घातली, तर बोर्ड रांगतोय. केव्हाचा बसलोय.

सोल्डरताई
अट बोर्डावर तपासली जात नाही. दर फेरीला कोर थांबतो, एसटी-लिंकवरून व्हेरिएबल लॅपटॉपवर येतं, अट खोटी निघाली की परत सोडतात. ती अट कोडमध्येच इफ म्हणून लिहा आणि ब्रेकपॉइंट इफच्या आत लावा.

चहाटळ
म्हणजे हा विनंती थांबा, पण एसटी दर वेळी थांबवून कंडक्टर आगाराला फोन लावून विचारणार, कोणी उतरणार आहे का?

नवशिक्या२४
😂 हे उद्या पोरांना असंच सांगतो. अजून ६,००० व्या फेरीवर आहे, आता बंद करतो.

जुनं खोड
प्रिंटएफ टाकला असता तर एव्हाना झोपला असतास.