ब्रिजेट रायलींचे पट्टे: हात असिस्टंटचा, मग चित्र कोणाचं?

नीलमोहर:
परवा घरी यावरून वाद झाला म्हणून इथे टाकतेय. ब्रिजेट रायली, ब्रिटिश चित्रकर्ती, जन्म 1931, साठ वर्षांहून जास्त काळ पट्टे, वर्तुळं, तिरके तुकडे यातच काम करतायत, आणि मोठे कॅनव्हास 60च्या दशकापासून असिस्टंट रंगवतात. नवरा म्हणाला मग बाईंचं त्यात काय? मी म्हणते सगळं त्यांचंच. कुठला रंग, केवढा, कोणाशेजारी हे त्या आधी कागदावर पक्कं करतात, रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या कापून सरकवून बघतात, नाही जमलं की परत. त्यांचं 'नटराज' (1993, टेट या ब्रिटिश कलासंग्रहालयातलं) मी प्रत्यक्ष पाहिलंय, सव्वादोन मीटर रुंद. एक हिरवा तुकडा नारिंगीला लागून होता तो नुसता पेटलेला, आणि तसाच हिरवा पुढे निळ्याला टेकला तर मलूल. पुढे जाऊन मागे येऊन तीनदा बघितलं.

घाटमाथा:
ताई, रंगांबद्दल वाद नाही. पण येवल्यात मागावर महिनोन्‌महिने बसतो त्याचं नाव पैठणीवर येत नाही, त्याला आपण अन्याय म्हणतो ना? मग इथे तीच गोष्ट थोर कशी? आणि 'नटराज' नाव देऊन काय होतं, त्यात ना जटा ना पाय.

सप्तरंगी:
नाव शिवाच्या नाचावरूनच आहे, पण मूर्ती दाखवायचीच नाहीये हो. उभे पट्टे तिरक्या रेषांनी कापलेत, नजर कुठे थांबत नाही, सतत ठेका बदलतो, तोच नाच. आणि बाई एकाच जागी चिकटून बसल्या नाहीत, 1961 पासून काळं-पांढरं, 1967 च्या सुमारास रंग, मग 1979-80 च्या हिवाळ्यात इजिप्तला गेल्या तिथल्या थडग्यांमधले रंग बघून आल्या आणि पुढची कित्येक वर्षं तेच पाच-सहा रंग घेऊन काम केलं. 1968 ला व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात चित्रकलेचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

घाटमाथा:
बक्षिसाने माझा मुद्दा खोडला जात नाही. ब्रशचा दाब, हात थरथरणं, यात माणूस दिसतो मला. इथे तोच काढून टाकलाय. 1965 ला न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात बाईंची चित्रं प्रदर्शनात लागली आणि लगेच बाजारात तसल्या डिझाइनचे ड्रेस आले, इतकं सोपं होतं उचलणं.

नीलमोहर:
त्या ड्रेसमुळे त्या केवढ्या दुखावल्या होत्या हेही वाचा, वकिलापर्यंत गेल्या पण तेव्हा अमेरिकेत कायद्याचा आधारच मिळाला नाही. आणि हात मुद्दाम बाजूला ठेवलाय दादा, कारण हाताची लकब दिसली की आपण लकब बघत बसतो, रंग बघतच नाही. संगीतकार स्वतः व्हायोलिन वाजवत नाही म्हणून चाल वाजवणाऱ्याची होते का? एक करा, घोटीव कागदाच्या सात-आठ पट्ट्या कापा आणि अर्धा तास फक्त क्रम बदलत बसा. मी बसले होते, दोन पट्ट्यांची अदलाबदल केली की बाकीच्या सगळ्या बिघडतात.

घाटमाथा:
बसतो रविवारी लेकीला घेऊन. पण व्हायोलिनवाल्याचं नाव रेकॉर्डवर असतं, तसं रंगवणाऱ्यांचं नाव चित्राखालच्या पाटीवर यायलाच पाहिजे, हे मी सोडणार नाही.